एक रेघ, सही, तारीख

२ मार्च

ही वही मुळात आमच्या ऑफिसची. रकाने चुकीचे छापले गेले म्हणून रद्दीत निघाली होती, मी घरी आणली. प्रत्येक पानावर 'उपकरण', 'खोलीचे तापमान', 'तपासणाऱ्याची सही' असं छापलंय. तापमान आज तेवीस. उपकरण मी स्वतःच. सहीचं पुढे बघू.

लिहायला घेतलं कारण आज सभेनंतर प्रमुखांनी मला बाजूला बोलावलं. प्रमुख म्हणजे आमच्या प्रार्थनामंडळाचे. 'आपलाच धर्म खरा' अशी व्याख्यानमाला ठरलीय आणि सोळा तारखेचं पहिलं व्याख्यान माझं! "तुम्ही मोजमापाचा माणूस. दुकानदारांची वजनं खरी की खोटी ते तुम्ही ठरवता. तुमच्या तोंडून आलं की लोकांना पटतं," म्हणाले. मी तोंडाने नको नको म्हणत होतो आणि पोटात उकळ्या फुटत होत्या. शेवट कशाने करायचा तेही त्यांनीच सांगितलं: बायकोच्या ऑपरेशनच्या दिवसाची माझी साक्ष. ती मी सभेत पाच-सहा वेळा तरी सांगितली असेल. दरवेळी कोणी ना कोणी डोळे पुसतं.

बायकोला सांगितलं. "बरं" म्हणाली. एवढंच. माणसाला थोडं तरी कौतुक असावं की नाही?

५ मार्च

तीन कागद फाडले. 'आपला धर्म खरा आहे, कारण' इथपर्यंत गाडी झकास येते आणि 'कारण'पाशी येऊन बसते. कारणं खंडीभर आहेत, पण लिहिली की ती कुणीही आपापल्या धर्माबद्दल लिहू शकेल अशी दिसतात. आमच्या पूर्वजांनी सोसलं. दुसऱ्यांच्याही पूर्वजांनी सोसलं. आमचा ग्रंथ सुंदर आहे. त्यांचाही असेल, मी कुठे वाचलाय?

लेक टाइप करून देतेय. कॉलेजात गेल्यापासून तिला शिंगं फुटलीत. पहिलं पान वाचून म्हणते, "बाबा, प्लस-मायनस कुठाय?"

घरातला जुना विनोद आहे तो. आमच्याकडे कुठल्याही मोजमापाचा आकडा नुसता लिहीत नाहीत. पाचशे ग्रॅम, आणि पुढे प्लस-मायनस किती मिलिग्रॅम चूक असू शकते ते. ते नसेल तर प्रमाणपत्र परत येतं. लहानपणी मी तिला "पाच मिनिटांत आलो" म्हटलं की ती विचारायची, प्लस-मायनस किती? तेव्हा गोड वाटायचं.

आज म्हटलं, "धर्म म्हणजे वजन नव्हे. टाइप कर गुपचूप."

७ मार्च

जेवताना चिमट्याला व्याख्यानाचं सांगितलं. चिमटा म्हणजे आमच्याकडे तराजू दुरुस्त करणारा. प्रमाणवजनाला बोट लावायचं नसतं, बोटाचं तेल लागून ते जड होतं, म्हणून चिमट्याने उचलतात. ह्याच्या खिशात चिमटा चोवीस तास, घरी साखरसुद्धा चिमट्याने घेत असेल. त्याचा धर्म आमचा नाही. एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय आणि एकोणीस वर्षं भांडतोय. बायको माझ्या डब्यावर त्याच्यासाठी एक छोटी डबी ठेवते. मी हात लावला की ओरडतो, "ती तुझी नाही, माझ्या रक्ताच्या बहिणीने मला दिलीय!" रोज तोच पाचकळ विनोद.

विषय ऐकून म्हणाला, "तुझाच खरा? मलाही माझा खरा वाटतो. काय करायचं?"

मी म्हटलं, "दोन काट्यांनी एकाच वस्तूचं वेगवेगळं वजन दाखवलं, तर त्यातला एक तरी बिघडलेला असतो."

"असतो की. पण कुठला, ते काट्याला विचारून कळत नाही."

हा माणूस असाच. सरळ उत्तर देईल तर शपथ. मी म्हटलं, ये की मग सोळा तारखेला ऐकायला, बाहेरच्यांनाही बोलवायचं ठरलंय. डबी चाटूनपुसून "येतो" म्हणाला.

११ मार्च

डोक्यात सगळा वेळ व्याख्यान. त्या नादात आज एका प्रमाणपत्रावर आकडा चुकला आणि मी तो गिरवून गिरवून दुरुस्त केला. दुसरी सही चिमट्याची लागते. त्याने कागद माझ्यासमोर आपटला.

"ही खाडाखोड कसली? एक रेघ मारायची. खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. वर खरा आकडा, शेजारी सही, तारीख. एकोणीस वर्षांनी तुला हे मी सांगू?"

पोरासोरांसमोर बिनपाण्याने केली माझी. अख्खं प्रमाणपत्र परत लिहायला लावलं.

१३ मार्च

घरी तालीम केली. ऑपरेशनच्या प्रसंगाशी आलो आणि बायको उठून आत गेली, गॅसवर काही आहे म्हणाली. गॅस बंद होता, मी नंतर बघितलं.

लेक मात्र बसून होती. "बाबा, तो माणूस नाव न सांगता गेला? रक्त देताना फॉर्म भरावा लागतो. नाव, पत्ता, वय. आमच्या कॉलेजात शिबिर झालं तेव्हा मी भरलाय."

म्हटलं, घाईगडबडीत नसेल भरून घेतला. तर म्हणे, "घाईत तर जास्तच भरून घेतात."

ह्या पोरीपुढे हात टेकले. सहा वर्षांपूर्वी ही तेरा वर्षांची, मावशीकडे ठेवलेली. हिला काय माहीत!

१६ मार्च

जिंकलो! दुसरा शब्द नाही.

सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे. पहिली वीस मिनिटं जरा रखडली, पण प्रसंगाशी आलो आणि सगळे गप्प. आठवणीसाठी इथेही लिहून ठेवतो. बायको ऑपरेशनच्या टेबलावर. रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट दुर्मिळ, रक्तपेढीत एकच पिशवी, डॉक्टर म्हणाले अजून एक तासाभरात हवी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी समोरच्या आपल्या प्रार्थनाघरात जाऊन गुडघे टेकले आणि उठलोच नाही. तासाने परत आलो, तर रक्त चढतंय! एक अनोळखी माणूस आला होता. रक्त देऊन, नावही न सांगता निघून गेला. इथे मी थांबलो, पाणी प्यालो. मग म्हटलं, "सांगा, दुसऱ्या कुठल्या दारात हे मिळतं? ते चाचपडताहेत. उत्तर इथे मिळतं. निःसंशय इथेच."

पुढच्या रांगेतल्या आजी हुंदके देत होत्या. प्रमुखांनी मिठी मारली, म्हणाले हे छापायचंच, पाचशे प्रती.

चिमटा आला होता. शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. जाताना "बोलतोस छान" म्हणाला आणि निघाला. चहाला थांब म्हटलं तर थांबला नाही.

१७ मार्च

चिमटा जेवायला आला नाही. खिडकीपाशी काम होतं म्हणे.

१८ मार्च

आजही नाही. डबी तशीच परत आली. बायकोने उघडून बघितली आणि झाकण लावलं.

२० मार्च

आता मात्र डोकं फिरलं. आज त्याच्या टेबलापाशी जाऊन डबी ठेवली, तर "ठेव, बघतो" म्हणाला, मान वर न करता. पॅकिंगच्या मुलांबरोबर बसून जेवला. मी एकटाच आमच्या टेबलावर बसलो.

हेच ते. एरवी गप्पा मारताना मोठा समजूतदार. आणि दुसऱ्याने आपलं खरं ठणकावून सांगितलं की झोंबतं. मी त्याच्या धर्माला नाव घेऊन एक वाकडा शब्द बोललो नव्हतो. चाचपडताहेत म्हणालो, ते सगळ्यांना मिळून. एकोणीस वर्षांची मैत्री एवढ्यावर मोडत असेल तर मोडू दे!

रागाच्या भरात लिहिलंय. मोडू नये.

२१ मार्च

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, तुझ्या लाडक्या भावाचं बघ कसं नाक वर झालंय. धर्माचं बोललो म्हणून रुसलाय.

ती भाजी निवडत होती. सुरी खाली ठेवली.

"अहो, तुम्हाला खरंच कळत नाहीये की कळून घ्यायचं नाहीये?"

"काय कळायचंय?"

"अनोळखी माणूस म्हणे! त्याच्यासमोर उभं राहून म्हणालात. त्याचं रक्त माझ्या अंगात गेलं, आणि तो मागच्या रांगेत बसून स्वतःला अनोळखी म्हणवून घेत होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं."

मी म्हटलं, तू आजवर बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तालमीला उठून गेले. सहा वर्षं रोज डबी भरतेय. अजून किती बोलू?"

पुढे काही लिहवत नाही.

२२ मार्च

ऑफिसला दांडी मारली. वही घेऊन बसलोय. खरं लिहायचं तर इथे तरी लिहू.

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात फोन केला होता, येत नाही सांगायला. फोन चिमट्याने उचलला. मी रडत रडत रक्तगट सांगितला. तोच त्याचा. एवढंच झालं. तो हातातला तराजू उघडा टाकून आला, फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलं, रक्त दिलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा मंजूर नव्हती म्हणून दंडाला पट्टी लावून परत कामाला गेला. मी प्रार्थनाघरातून आलो तेव्हा नर्स म्हणाली, तुमचे मित्र येऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गळ्यात पडून रडलोसुद्धा होतो.

विसरलो होतो का? छे. पण सांगताना तो आठवत नव्हता.

पहिल्यांदा सभेत सांगितलं तेव्हा 'ऑफिसातला मित्र' म्हटल्याचं पक्कं आठवतं. तेव्हा कोणीतरी विचारलं, आपल्यातलाच का? मी नाही म्हटलं आणि सगळ्यांचे चेहरे जरा पडले. पुढच्या वेळी 'ओळखीचा एकजण' झाला. मग नुसता 'एक माणूस'. मग 'अनोळखी'. नाव न सांगता निघून जाणं ही तर गेल्या वर्षीची भर. तिखटमीठ म्हणावं तर एका वेळी चिमूटभरच घातलं. दरवेळी जरासं बोट लावलं, आणि मी म्हणे दुकानदारांची वजनं पकडतो!

त्याचं नाव घेतलं की नावावरून धर्म कळतो. म्हणून नाव गेलं. दुसरं कारण नाही.

प्रार्थनेला उत्तर मिळालं असं मला आजही वाटतं. तेच तर चीड आणतं. उत्तर समोर येऊन उभं राहिलं, दंडाला पट्टी लावून, आणि मला ते आवडलं नाही.

२३ मार्च

सभेआधी चिमट्याच्या घरी गेलो. दारातच होता. मी माफी मागितली, काय काय बोललो देव जाणे. धर्माबद्दल पण बोललो, तुमचा धर्म खोटा असं मला म्हणायचं नव्हतं वगैरे.

तो म्हणाला, "म्हण की. तुझा खरा म्हण, हजारदा म्हण. मी बसून ऐकीन, भांडीन, जेवीन. त्याचं मला काही नाही. पण मला अनोळखी कशाला केलंस?"

पुढे म्हणाला, "माझी इथे माफी मागून काय होणार? तू ते मला नाही सांगितलंस, त्यांना सांगितलंस." आणि आत ये म्हणालाच नाही.

तिथून सभेत. प्रमुखांच्या हातात पुस्तिकेचा कच्चा छाप. मी सगळं सांगितलं, आणि तो परिच्छेद बदलू द्या म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तेच मला सहन होईना. "अहो, एवढ्या तपशिलाने काय बिघडतं? पाठवला तर देवानेच ना?"

"मग देवाने ज्याला पाठवलं त्याचं नाव घालायला काय हरकत?"

"लोक विचारतील, त्यांच्यातला का पाठवला."

"विचारू द्या. मलाही विचारायचंय."

"तुम्ही थकलाय," म्हणाले. खांद्यावर हात ठेवला. छाप त्यांच्याकडेच राहिला.

२६ मार्च

पुस्तिका छापून आली. दोन खोकी. माझ्या घरी वीस प्रती सप्रेम. कव्हरवर माझं नाव ठळक, खाली 'ज्येष्ठ मोजमापतज्ज्ञ'. पान चौदावर तो अनोळखी माणूस तसाच उभा. वर 'निःसंशय' जाड अक्षरांत केलंय, ते मी सांगितलं नव्हतं.

लेकीने एक प्रत चाळली आणि गप्प बसली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. मीच तिला म्हटलं, प्लस-मायनसचं तुझं बरोबर होतं. आकडा खोटा असतो म्हणून आम्ही प्लस-मायनस लिहितो असं नाही. आकडा खरा आहे असं म्हणायची ज्याची तयारी असते, त्यालाच ते लिहावं लागतं. मी मात्र नुसता आकडा घेऊन उभा राहिलो, तोही गिरवलेला.

"हे सभेत बोलाल?" तिने विचारलं.

चिडलोच मी. हिला वाटतं सोपं आहे. लग्नकार्याला, आजारपणाला, मढ्याला खांदा द्यायला हीच माणसं येतात. उद्या दार लावून घेतलं तर आम्ही जायचं कुठे?

३० मार्च

बोललो.

प्रमुख मला पाच मिनिटं देईनात, म्हणून मी प्रार्थना संपल्यासंपल्या उभा राहिलो. सोळा तारखेला पाण्याचा घोट घेऊन झोकात थांबलो होतो, आज पेल्याला हात लावला नाही. म्हटलं, पान चौदावर खोटं छापलंय आणि ते माझं आहे. तो माणूस अनोळखी नव्हता. पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. नाव ऐकून कुजबूज झाली.

कोणीतरी ओरडलं, "मग आपला धर्म खरा की नाही ते सांगा!"

मी म्हटलं, "मला खरा वाटतो. आजही. पण माझी साक्ष खोटी होती, आणि खोट्या साक्षीवर मी दुसऱ्यांना चाचपडणारे म्हणालो. मी प्रार्थना करत होतो तेव्हा तो रक्त देत होता. ह्यातून काय सिद्ध होतं ते मला माहीत नाही."

प्रमुखांनी लगेच पुढची सूचना वाचायला घेतली. माझा माईक बंद. बरं झालं, आवाज फुटत होता.

मग मी दाराशी खुर्ची टाकून बसलो, हातात पेन. ज्याच्याकडे पुस्तिका असेल त्याने द्या, दुरुस्त करून देतो. 'अनोळखी माणूस'वर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर त्याचं नाव. 'नावही न सांगता'वर एक रेघ. 'निःसंशय'वर एक रेघ. शेजारी माझी सही. बरेच जण पुस्तिका पिशवीत घालून माझ्याकडे न बघता गेले. एकजण म्हणाला, "तुम्हाला त्यांनी किती चहा पाजला?" पुढच्या रांगेतल्या आजींनी प्रत दिली, पण तोंड फिरवून उभ्या राहिल्या. बायको शेजारी उभी राहून पानं उघडून देत होती, लेक मोजत होती. एकतीस झाल्या. मग खोकी आत नेली गेली आणि दाराचा दिवा घालवला.

प्रमुख जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या व्याख्यानांना तुम्ही नाही आलात तरी चालेल."

घरी येऊन एवढा राग आला की चप्पल भिंतीवर फेकली. कोणावर ते मला सांगता येणार नाही.

३१ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या टेबलावर डबा उघडला. डबी समोर ठेवली. तिच्याखाली पुस्तिकेची दुरुस्त केलेली एक प्रत, पान चौदा उघडून.

बराच वेळ कोणी आलं नाही. मी घास चिवडत बसलो. मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

चिमट्याने पुस्तिका उचलली. प्रमाणपत्र तपासतो तशी तपासली. रेघेखालचे शब्द वाचले, मग वरचं स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. माझी सही बघितली. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हटलं, एकतीस प्रती केल्यात. ही बत्तिसावी.

त्याने पुस्तिका माझ्यासमोर आपटली.

"तारीख कुठाय?"

सहा वर्षांनी एक खरं बोललो, मंडळींत वाळीत पडायची वेळ आली, दाराशी बसून हात मोडेस्तोवर रेघा मारल्या, आणि ह्या माणसाने त्यातही चूक काढली. बरोबर काढली. एकाही प्रतीवर तारीख नाही.

"एकतीस घरं फिरायला लागतील आता," मी म्हटलं. "निम्मे दार उघडणार नाहीत."

"मग बेल परत वाजव," म्हणाला, आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

मी तारीख टाकली. दुसरी सही त्याने केली. मग डबी आपल्याकडे ओढली, झाकण काढलं, आणि मी हात पुढे करायच्या आत ओरडला, "ती तुझी नाही!"